चाकणचा गुरुवार की जळगावचा रविवार?

डिप्लोमा नाहीतर बी.ई. मेकॅनिकल झालेली आमच्याकडची पोरं एकच प्रश्न घेऊन येतात. "भाऊ, पुण्याला जाऊ का इथेच एमआयडीसीत लागू?" मी दोन्हीकडे राबलोय. सहा वर्षं चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला. आता पाचवं वर्ष जळगावला, पाइपच्या कारखान्यात. सरकारी जे.ई.ची (ज्युनिअर इंजिनिअरची) तयारी करणाऱ्यांनी हे वाचून वेळ घालवू नये, त्यांचं गणितच वेगळं.

आधी पैसा. चाकण सोडलं तेव्हा हातात 41 हजार यायचे, जळगावला सुरुवात 30 वर झाली. मोठे भाऊ म्हणाले, "लोक पुढे जातात, तू मागे चालला." मी वहीत मांडून दाखवलं. मोशीत फ्लॅटमधला वाटा 5,500, मेस 3,500, महिन्यातून दोनदा घरी येण्याजाण्याची ट्रॅव्हल्स 3,200. झाले 12,200. म्हणजे 41 मधून उरायचे 28,800, जळगावच्या 30 पेक्षा कमीच. दिवाळीचं तिकीट यात धरलेलं नाही, ते धरलं तर भांडण होतं.

हा हिशेब ज्याचं बिऱ्हाड खान्देशात आहे त्याचा. एकटा पोरगा चौघांत खोली करून राहिला तर चाकणला नक्की जास्त उरतं. आणि एका बाबतीत चाकण सरळ वरचढ आहे. तिथे माझा पीएफ पूर्ण बेसिकवर 12 टक्के कापला जायचा. इथे 15,000 ची मर्यादा धरून 1,800, मालकाचे तेवढेच. म्हातारपणी हा फरक कळेल. ऑफरमधल्या सीटीसीवर, म्हणजे कंपनी आपल्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाच्या आकड्यावर, मात्र जाऊ नका. त्यात ग्रॅच्युइटीही मोजलेली असते आणि कायम नोकरीत पाच वर्षांच्या आत सोडलं तर ती मिळत नाही. माझ्या बॅचचे निम्मे त्याआधीच उडाले.

काम शिकायला कुठे मिळतं, यावर माझं मत थोडं डळमळीत आहे. चाकणला शिस्त शिकलो. नवा पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायची पीपीएपी, तक्रारीचं मूळ शोधायची 8डी, प्रत्येक गोष्टीचा कागद. पण ग्राहकाची लाइन आपल्या पार्टमुळे थांबली की क्वालिटीचा इंजिनिअर त्यांच्या गोदामात उभा राहून दोन हजार पार्ट हाताने निवडतो, हेही तिथेच शिकलो. जळगावला पाटीवर प्रॉडक्शन इंजिनिअर आणि प्रत्यक्षात सगळंच. वीज गेली की एक्स्ट्रूडरच्या, म्हणजे प्लास्टिक वितळवून पाइप काढणाऱ्या मशीनच्या, बॅरलमध्ये अडकलेला पीव्हीसी जळायला लागतो. त्याचा वास नाकात नाही, डोळ्यांत जातो. मग डाय, म्हणजे पाइपला आकार देणारा साचा, उघडायची आणि पितळी पट्टीने खरवडत बसायचं, लोखंडी घेतली तर डायवर ओरखडा पडतो. मे महिन्यात बाहेर 44 डिग्री असताना हे केलंय. शेठचा फोन रात्री दहालाही येतो. एचआर नावाचं खातं नाही, पगारवाढ मागायची तर शेठचा मूड बघून. पगार सातला म्हणतात, दहा-बाराला होतो. लपवण्यासारखं काही नाही.

तरी मी परत आलो तो गुरुवारामुळे.

पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. वीज पुरवून पुरवून वापरण्यासाठी एकेका औद्योगिक भागाला वेगळा वार ठरवून दिला होता, तो तसाच राहिला. तिथल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, गुरुवारी बाजार मोकळे, बँका उघड्या. पण माझी बायको जळगावला शाळेत शिक्षिका. बुधवारी पहिली शिफ्ट सुटली की मी संध्याकाळची ट्रॅव्हल्स पकडायचो आणि पहाटे अजिंठा चौफुलीला उतरायचो. अकराला झोपेतून उठावं तर घरात कोणी नाही. ओट्यावर झाकून ठेवलेली शेवभाजी आणि पोळ्या. पोरगा पाचला दप्तर टाकायचा तेव्हा माझी परतीची बॅग दाराशी भरलेली असायची. आठला गाडी. एकदा त्याने शेजारच्या काकूंना सांगितलं, "पप्पा गुरुवारचे असतात." काकू हसल्या.

लग्नं, साखरपुडे, थंडीतली मळ्यातली भरीत पार्टी, सगळं बघून रविवारी. आणि आमची खान्देशातली देवी कानबाई तर रविवारीच बसते, सोमवारी उठते. नागपंचमीनंतरचा तो रविवार आमच्या भाऊबंदकीत कोणी चुकवत नाही. मी सहापैकी चार वर्षं चुकवला. एका वर्षी साहेबांनी रजेच्या अर्जावर विचारलं, "कानबाई म्हणजे कोण? पेशंट आहेत का?" साहेबांचाही दोष नाही, त्यांनी नाव ऐकलेलंच नव्हतं. रोट, म्हणजे कानबाईचा प्रसाद, भाऊबंदकीच्या बाहेर देत नाहीत, त्यामुळे नंतर घेऊन जाऊन समजावण्याचीही सोय नव्हती.

कामाच्या तासांचं म्हणाल तर दोन्हीकडे सारखीच बोंब. आम्ही स्टाफ, त्यामुळे ओव्हरटाइम नाही. चाकणला सुट्टीत कामावर गेलं की बदली रजा कागदावर मिळायची आणि महिनाअखेरीला आपोआप बाद व्हायची. इथे कागदच नाही, पण मंगळवारी सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर शेठ "जा" म्हणतात.

डिझाइनमध्ये किंवा इलेक्ट्रिक गाड्यांच्या कामात शिरायचं असेल, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज असेल, तर बहुतेक पुणेच बरं, मीही तेच सुचवीन. बाकीच्यांना, विशेषतः लग्न झालेल्यांना, मी हळूच जळगावकडे ढकलतो हे खरं. आमच्या कारखान्याला रविवारची सुट्टी आहे. सगळीकडे तीच असेल असं नाही. म्हणून ऑफर लेटर घेताना पगाराच्या आधी दोन गोष्टी विचारा: सुट्टी कोणत्या वारी, आणि बदली रजा किती दिवसांत बाद होते. दुसऱ्या प्रश्नावर समोरचा हसला तर ती बाद होतेच असं समजा.