बेंगळूर की पुणे? बेळगावकडच्या पोरांनी आधी हातातलं काम बघावं

निकाल लागला की आमच्याकडे घरोघरी एकच बोलणं: पोराला बेंगळूरला धाडायचं की पुण्याला? बेळगावहून पुणे साधारण ३४० किलोमीटर, बेंगळूर ५००, हायवे तोच. पुण्यात मावशी नाहीतर आत्या असतेच, मराठी चालते, म्हणून निम्म्या घरांत बोलणं तिथंच संपतं. मी खानापूरचा. टूल रूमचा, म्हणजे साचे-हत्यारं बनवण्याचा डिप्लोमा करून चार वर्षं बेंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत काढली आणि त्यानंतर सहा वर्षं पुण्याजवळच्या चाकणला. मला विचाराल तर भाषा आणि नातेवाईक नंतर बघा. पोरगं काय शिकलंय, त्यावर गाव ठरवा.

बेंगळूर म्हणजे कॉम्प्युटर, एवढंच लोक धरून चालतात. पण ते शहर आधी कारखान्यांनी उभं केलं. भारतीय विज्ञान संस्था १९०९ ची. १९४० साली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीनं विमानाचा कारखाना काढला, तोच आजचा एचएएल. मग टेलिफोन बनवणारी इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज १९४८ ला, लेथ आणि पुढं घड्याळं बनवणारी एचएमटी १९५३ ला, रडार बनवणारी बीईएल १९५४ ला. इस्रोचं मुख्यालयही तिथंच. एवढ्या कारखान्यांना इंजिनिअर लागले, सुटे भाग लागले, आणि ते पुरवायला पीण्यासारखी हजारो शेडची वसाहत वाढली. सॉफ्टवेअर आलं ते या तयार जमिनीत. १९८५ ला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं चिप डिझाइनचं केंद्र तिथं टाकलं. इन्फोसिस तर १९८१ ला पुण्यात सुरू झाली आणि १९८३ मध्ये बेंगळूरला गेली. आपल्या पालकांनी या गोष्टीचा जरूर विचार करावा.

म्हणून कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स झालं असेल, तर मी डोळे झाकून बेंगळूर सांगेन. पुण्यात हिंजवडी, खराडी आहेच, तिथंही चांगल्या कंपन्या आहेत. पण चिप डिझाइन, उपग्रह, स्टार्टअप, परदेशी कंपन्यांची संशोधन केंद्रं यांची जी दाटी बेंगळूरला आहे, ती पुण्यात नाही. एक नोकरी गेली तर दुसरी त्याच रस्त्यावर मिळण्याची शक्यता तिथं जास्त. आणि नोकरी जातेच कधीतरी. २०२२-२३ मध्ये स्टार्टअपवाल्यांनी माणसं कमी केली तेव्हा माझ्या बेंगळूरच्या जुन्या खोलीवरच्या दोघांची गेली होती. दोघंही त्याच शहरात पुन्हा लागले.

पुण्याची गोष्ट लोखंडाची, आणि तिचा एक धागा आपल्याच गावातून जातो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, मग नांगर, मग १९१० ला किर्लोस्करवाडी, आणि १९४६ ला खडकीत ऑइल इंजिनचा कारखाना. पुढं पिंपरीत टेल्को (आजची टाटा मोटर्स), आकुर्डीत बजाज, मुंढव्यात भारत फोर्ज, कोथरूडला कमिन्स आणि चाकणला फोक्सवॅगन, महिंद्रा, मर्सिडीज. एक गाडी बनवायला शेकडो लहान कारखाने लागतात. डिप्लोमा, आयटीआयच्या पोरांची खरी भरती या सुटे भाग पुरवणाऱ्या व्हेंडरांकडेच होते.

ते काम कसं असतं ते सांगतो. पहिल्या शिफ्टला सकाळी सातला व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन सुरू करायचं, पहिला पीस काढून त्याच्या भोकाचं माप बोअर गेजनं तपासायचं. मिलिमीटरच्या दोन शतांशाचा फरक आला तरी ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) बदलायचा, पुन्हा पीस काढायचा. तिकडे असेंब्ली लाइन थांबायला आली की फोन सुरू होतात. हात मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटनं दिवसभर ओले. पण चार वर्षांत पोरगं असं तयार होतं की कुठल्याही शेडमध्ये उभं राहील. मेकॅनिकलवाल्यांना म्हणून पुणे. फक्त गाड्यांचा धंदा मंदावला की सगळी साखळी एकदम मंदावते, हे धरून चाला. २०१९ ला आमच्याकडे आठवड्यातून दोन-दोन दिवस शेड बंद असायची.

आता भाषेचं. बेंगळूरला कन्नड येत नाही म्हणून घाबरणारी पोरं बहुतेक शाळेत कन्नड शिकलेलीच असतात. माझं कन्नड आपल्या भागातलं. पहिल्याच दिवशी ‘हौद्री’ (हो जी) म्हटलं, तर शेजारच्या लेथवरचा माणूस हसून म्हणाला, ‘बेळगाव का?’ तो गदगचा निघाला आणि पुढं मला टूल ग्राइंडिंग त्यानंच शिकवलं. उलट पुण्यात आमच्या ‘येतंय की’वर सुरुवातीला लोक वळून बघायचे. दोन्हीकडे महिनाभरात सवय होते. भाषेच्या वादाची झळ मलाही लागली आहे, ती मी नाकारत नाही. पण त्या भीतीनं चिप डिझाइन शिकलेल्या पोरीला भलत्याच कामाला लावणं मला पटत नाही.

तिसरा पर्याय घरचा, आणि त्याच्याकडे दुर्लक्ष फार होतं. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छेत फौंड्री आणि हायड्रॉलिक्सची कामं आहेत, हत्तरगीला विमानाचे सुटे भाग बनवणारा सेझ आहे. पगार दोन्ही शहरांपेक्षा कमी, पण घरचं जेवण आणि भाडं शून्य. सीएनसीचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा) पाया दोन वर्षं इथं पक्का करून मग पुण्याला गेलेल्यांना मी चांगल्या जागी लागलेलं बघितलंय.

येण्याजाण्याचं आता सोपं झालंय. बेंगळूरला जायला राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्रीची आहेच, शिवाय २०२४ पासून पुणे-हुबळी आणि २०२५ पासून बेळगाव-बेंगळूर वंदे भारत धावते. पैशाची खरी अडचण खोलीची. बेंगळूरला स्वतंत्र घराचं डिपॉझिट सहा-सहा, कधी दहा महिन्यांच्या भाड्याएवढं मागतात. पुण्यात ते बरंच कमी असतं. म्हणून पहिले सहा महिने पीजीत काढा, आणि पीजी ऑफिसच्या पत्त्यावरून ठरवा. व्हाइटफील्डला काम असेल तर मेट्रोच्या पर्पल लाइनवर, इलेक्ट्रॉनिक्स सिटीत असेल तर यलो लाइनवर, पीण्यात असेल तर ग्रीन लाइनवर. आणि घेण्याआधी उन्हाळ्यात पाणी कुठून येतं ते मालकाला नाही, तिथं आधीपासून राहणाऱ्या पोरांना विचारा.