रक्तचंदनाच्या बियाण्याची दोन पाकिटे: एक नकली, एक खरे पण अपुरे

ऑनलाइन मागवलेल्या पहिल्या पाकिटातून लालभडक, चकचकीत, दोन्ही बाजूंनी फुगीर दाणे निघाले. ते रक्तचंदनाचे नव्हतेच. ती आपली थोरली गुंज, जिचे बी माळेत ओवतात. रक्तचंदनाचे लाकूड लाल असते, बी नव्हे. त्याची शेंग चपटी, गोलसर, भोवती कागदासारखा पंख असलेली असते आणि मधल्या टणक फुगवट्यात तांबूस-तपकिरी रंगाची एखादीच, क्वचित दोन बिया असतात. या पाकिटाला एकही तारा नाही.

दुसऱ्या विक्रेत्याने खऱ्या पंखाच्या शेंगा पाठवल्या, पण पाकिटावर ‘९० टक्के उगवण हमखास’ असे छापले आहे, आणि आक्षेप आहे तो नेमका यालाच. आंध्र प्रदेशातील शेषाचलम आणि लगतच्या डोंगरांत मूळ असलेले हे संकटग्रस्त झाड कोरड्या दिवसांत पिवळ्या फुलांनी भरते. फुले रात्री उमलतात आणि आग्या, सातेरी व फुलोरी या मधमाश्या त्यांचे परागीकरण करतात. इतकी फुले येऊनही निसर्गात फळधारणा ६ टक्क्यांवर जात नाही, तर हाताने दुसऱ्या झाडाचा पराग लावला की ती सुमारे ५२ टक्क्यांपर्यंत पोहोचते, असे अभ्यासात दिसले आहे. म्हणजे दोष झाडाच्या वांझपणाचा नसून परक्या परागाच्या तुटवड्याचा आहे, आणि चोरट्या तोडीने झाडे विरळ झाली की तो तुटवडा वाढणारच. धरलेली शेंग पक्व व्हायलाही पुढचा फेब्रुवारी-मार्च उजाडतो.

पाकिटातल्या बऱ्याच शेंगा फोडल्यावर पोकळ निघाल्या. उरलेल्यांचे पंख कातरून, शेणकाल्यात भिजवून पेरल्यावर उगवण मागेपुढे आणि बेताचीच झाली. टणक सालीचा विचार करता त्यात नवल नाही, मात्र भिजवण्याबद्दल पाकिटावर एक ओळही नाही, हे गैर आहे. आलेल्या रोपांची पाने त्रिदली आहेत, त्यामुळे वाण खरे असल्याबद्दल शंका उरली नाही.

या पाकिटाला पाचपैकी तीन तारे. शेंगा कोणत्या महिन्यात गोळा केल्या आणि एकाच झाडाच्या की अनेक झाडांच्या, एवढे छापले असते तर चौथाही दिला असता.