दहा महिने नोंदी, त्यातून रोजमेळ: रत्नागिरीत शिकताना खर्चाचा हिशेब ठेवण्याचा अनुभव

मी रत्नागिरीत बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मारुती मंदिरच्या बाजूला आम्ही तिघी एका खोलीत राहतो. घर राजापूर तालुक्यात. आई काजूच्या कारखान्यात जाते आणि महिन्याच्या सुरुवातीला मला सहा हजार पाठवते. खोलीभाडं आणि मेस वजा जाता हातात साधारण सतराशे उरतात. पहिल्या वर्षी हे सतराशे दर महिन्याच्या वीस-बावीस तारखेला संपायचे आणि कशात गेले ते मला सांगता यायचं नाही. आईने कधी विचारलं नाही, पण तिच्या हाताला लागलेला काजूचा चीक बघितला की मलाच ते टोचायचं. म्हणून गेल्या जुलैपासून हिशेब ठेवायला घेतला.

सुरुवात केली ती मोबाईलवरच्या ॲपने. बँकेचे मेसेज वाचून ते खर्च आपोआप मांडतं. चार दिवस छान वाटलं. मग लक्षात आलं की त्याचे आकडे खरे असले तरी अर्थ चुकीचा आहे. गॅसचे २४० रुपये मी तिघींच्या वतीने भरले तर ते २४० माझा खर्च दाखवायचं, आणि मैत्रिणींनी आपापले ८० परत पाठवले की ती माझी कमाई व्हायची. एटीएममधून पाचशे काढले की पाचशे खर्च. प्रत्यक्षात ते माझ्या पर्समध्येच असायचे.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मी छोट्या पेमेंटसाठी यूपीआय लाइट, म्हणजे पेमेंटच्या ॲपमधला छोटा बटवा, वापरते. त्यात बँकेतून आधी पैसे भरून ठेवायचे. पिन टाकावा लागत नाही, एका वेळी १,००० रुपयांपर्यंत देता येतात आणि त्यात जास्तीत जास्त ५,००० ठेवता येतात. पण बँकेच्या पासबुकात दिसते ती फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची नोंद. पुढचा वडापाव, लिंबू सरबत, झेरॉक्स यातलं काहीच तिथे येत नाही. ते बघायला पेमेंटच्या ॲपमधली यादी उघडावी लागते. म्हणजे माझा जो खर्च मला शोधायचा होता, नेमका तोच मेसेजमध्ये नव्हता. सोय म्हणून लाइट उत्तम आहे, मी अजूनही वापरते. पण पासबुक बघून हिशेब लागेल अशी आशा त्यानंतर ठेवू नये.

दुसरा प्रयोग गूगल शीटचा. चौदा रकाने केले, सूत्रं घातली. साबण ‘घरगुती’मध्ये टाकायचा की ‘वैयक्तिक’मध्ये, यावर दहा मिनिटं जायची. गणपतीला घरी गेले तर तिथे रेंज नाही. शीट ऑफलाइन उघडायची सोय असते, ती आधी चालू करून ठेवायला हवी होती. आठ दिवसांचा खंड पडला तो पडलाच.

मधे काकेइबोही करून पाहिलं. १९०४ साली हानी मोतोको या जपानी पत्रकार बाईंनी घरखर्चासाठी रूढ केलेली ही वही. त्यात खर्चाचे चार भाग असतात: गरज, हौस, ज्ञान-करमणूक आणि अचानक आलेला खर्च. पद्धत विचार करायला लावते हे खरं. पण कॉलेज सुटल्यावर भूक लागून खाल्लेला वडापाव गरज की हौस, हे रोज रात्री ठरवताना मला अपराधी वाटायला लागलं, आणि ज्या दिवशी अपराधी वाटे त्या दिवशी मी वही उघडत नसे.

खरा मार्ग सापडला तो गणपतीतच, काकांच्या किराणा दुकानात. मी गल्ल्यावर बसून दिवसभराचा खर्च आठवून लिहीत होते. काका म्हणाले, “गो बाय, खर्च मागनं लिही. आधी गल्ला मोज.”

दुकानातला रोजमेळ असाच चालतो. आरंभीची शिल्लक, त्यात जमा मिळवायची, खर्च वजा करायचा, अखेरची शिल्लक हातातल्या पैशांशी जुळली पाहिजे. मी आतापर्यंत उलटं करत होते. खर्च आठवत बसायचे, आणि जे आठवत नाही ते कायमचं हरवायचं. शिल्लक आधी मोजली की हरवलेला आकडा स्वतःहून समोर येतो.

एका रात्रीची नोंद सांगते. आदल्या रात्री पर्समध्ये २१०, बँकेत ३,४६०, लाइटमध्ये १३०, एकूण ३,८००. त्या रात्री १५०, ३,४१० आणि ९५, म्हणजे ३,६५५. फरक १४५. आठवलं ते असं: रिक्षा ५०, जर्नलचे झेरॉक्स ५०, वडापाव-चहा ३५. झाले १३५. उरलेले १० लिहिले ‘आठवत नाही’ म्हणून. एवढंच. तीन-चार मिनिटांचं काम. दुसरीकडून पैसे आले असतील तर ते आधी जमेला धरायचे, नाहीतर फरक चुकतो.

‘आठवत नाही’ ही ओळ हा माझ्या दृष्टीने या पद्धतीचा जीव आहे. सप्टेंबरमध्ये तिची महिन्याची बेरीज ६१२ आली. सतराशेतले सहाशे! डिसेंबरपर्यंत ती ऐंशी-नव्वदवर आली. मी काही सोडलं नव्हतं, फक्त रात्री मोजायचं आहे हे दिवसा लक्षात राहायला लागलं होतं.

उसनवारीला वहीची शेवटची पानं ठेवली आहेत. २४० भरले तर खर्चात ८० आणि मागच्या पानावर दोघींच्या नावावर ऐंशी-ऐंशी. त्या दिवशीचा फरक मात्र २४०च येतो, तेव्हा मेळ घालताना मागचं पान बघावं लागतं. तिघी रविवारी बसून ते पान कोरं करतो. यामुळे आमच्यातली एक जुनी धुसफूस संपली. दूध नेहमी मीच आणते असं तिघींनाही वाटायचं!

मागच्या महिन्याशी तुलना करताना सांभाळा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे जुलैतल्या रविवारी आम्ही अंडी किंवा सुकट करायचो. ऑगस्ट उजाडला, बाजारात बांगडे आले आणि रविवारचा खर्च चढला. मला वाटलं हात सैल सुटला. तसं नव्हतं, हंगाम बदलला होता. आपल्याकडे जूनमध्ये छत्री, भाद्रपदात घरी जाणं, सेमिस्टरच्या शेवटी परीक्षा फी हे ठरलेलंच आहे. म्हणून ऑक्टोबरपासून दर एक तारखेला ३०० रुपये पाकिटात घालून ट्रंकेत ठेवते आणि वहीत ते खर्च म्हणूनच लिहिते. मार्चची परीक्षा फी त्यातून गेली, आईला वेगळे पैसे मागावे लागले नाहीत. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचाही मोठा आधार आहे. नाहीतर महिन्यातून दोनदा घरी जाणं मला जमलं नसतं.

उणिवाही सांगायला हव्यात. ऑक्टोबरच्या परीक्षेत नऊ दिवस वही बंद होती. मागचं भरत बसले नाही. शिल्लक मोजली, ‘नऊ दिवस, एकूण ७४०’ अशी एक ओळ लिहिली आणि पुढे सुरू केलं. ॲपमध्ये किंवा शीटमध्ये असा खंड पडला की माझं मनच उडायचं, इथे नाही. पावसाळ्यात एकदा बॅगेत पाणी शिरून जेल पेनचं सगळं पसरलं, तेव्हापासून बॉलपेन आणि वहीला दुधाची धुतलेली पिशवी. महिन्याची बेरीज वहीत शोधणं कंटाळवाणं आहे, म्हणून महिनाअखेर पाचच आकडे शीटमध्ये उतरवते: खोली-मेस, प्रवास, कॉलेज, खाणं, इतर.

तुम्ही एकटे राहत असाल, कुणाशी वाटणी नसेल आणि सगळं थेट बँकेतून देत असाल, तर मेसेज वाचणारं ॲपही पुरेल. मात्र ते ओटीपीसकट सगळे मेसेज वाचण्याची परवानगी मागतं, हे बघून ठरवा. रोख, लाइट आणि वाटणी असं तिन्ही असेल तर मी वहीच सांगेन.

जुनी वही एप्रिलमध्ये भरली. नवी दोनशे पानी घेतली आहे, कारण उसनवारीची पानं कमी पडत होती. पाकिटातली रक्कम जूनपासून ३५० करणार आहे. पहिली छत्री त्यातूनच घ्यायची आहे.