वस्तऱ्याच्या मुठीवर परशुराम : सावंतवाडीच्या गंजिफा कामाबद्दल

पुण्याच्या जुन्या बाजारात जर्मनीतल्या सोलिंगनचा एक वस्तरा मिळाला. पातं खणखणीत, पण सेल्युलॉइडची मूठ तडकलेली. नवीन मूठ करायचीच, तर तिच्यावर सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांवरची चित्रं, रंगवून घ्यावी म्हणून तिथल्या चितारआळीतल्या एका कारागिराला गाठलं. खेळण्यांचं लाकूड चालेल का, विचारलं. "पांगारो नको, मऊ पडता. शिसव घेवन येवा," एवढंच उत्तर. सुताराकडून शिसवाच्या दोन पट्ट्या कापून नेऊन दिल्या. घेतले अठराशे रुपये.

दशावतारी गंजिफात विष्णूच्या दहा अवतारांचे पत्त्यांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं. मी परशुराम निवडला, वस्तऱ्याला परशूच शोभणार! एका पट्टीवर दहा परशू ओळीने, दुसरीवर रिव्हेटजवळच्या रुंद टोकाला गोलात राजा. गोल जेमतेम नखाएवढा. त्यात मुकुट, मिशी, कानातलं, सगळं आहे, आणि डोळा भिंगाखालीही डोळाच दिसतो. चिंचोक्याची खळ आणि खडूचा थर लाकडावर इतका सपाट बसवलाय की बोट फिरवलं तर रेघ लागत नाही. आतली बाजू कोरीच ठेवली, तेही बरोबर. तिथे रंगाचा थर चढला असता तर पातं घासलं असतं.

आता तक्रार. वरची झिलई लाखेची. भिंतीवरच्या चित्राला ठीक, पण ही मूठ रोज फेसात भिजते. काही आठवड्यांत कडेला पांढुरकी झाक आली. आफ्टरशेव्हच्या ओल्या बोटांनी धरली तर चिकट लागे, कारण लाख स्पिरिटात विरघळते. परत पाठवल्यावर त्यांनी कुरकुर न करता पीयूचा (पॉलियुरेथेन वॉर्निशचा) हात मारून दिला. तांबडा किंचित काळवंडला, पण आता पाणी टिकत नाही. रिव्हेट ठोकताना मात्र राजाच्या गोलाशेजारी रंगाचा टवका उडाला. तिथे पितळी वॉशर घालायला हवा होता. कुरियरचं पॅकिंगही यथातथाच, वर्तमानपत्र आणि रबरबँड!

चित्रकामाला पैकीच्या पैकी, झिलईला निम्मे. करून घ्यायचंच असेल तर रोज वापरणार असल्याचं आधी सांगा आणि लाख नकोच म्हणा. शोकेसमध्ये ठेवणार असाल तर लाखच घ्या, तिच्यासारखी चमक पीयूला नाही. रविवारी आमच्या सलूनवाल्याने वस्तरा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "साहेब, ह्याने दाढी करता?"