प्रॉक्समॉक्सवर चौदा महिने: तीन सर्व्हर, बावीस व्हर्च्युअल मशीन आणि एक रविवार

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत मी आयटी विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे मी आणि माझा एक तरुण सहकारी. ईआरपी (कारखान्याचे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर) आणि त्याचा डेटाबेस, हिशेबाचे सॉफ्टवेअर, दोन डोमेन कंट्रोलर (लॉगिन आणि परवानग्या सांभाळणारी मशीन), फाइल सर्व्हर, हजेरीची यंत्रणा, धातूची रासायनिक तपासणी करणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरचे अहवाल साठवणारे एक जुने विंडोज मशीन आणि काही किरकोळ लिनक्स मशीन अशी एकूण बावीस व्हर्च्युअल मशीन (खऱ्या सर्व्हरमध्ये सॉफ्टवेअरने उभे केलेले स्वतंत्र संगणक) आमच्या तीन सर्व्हरवर चालतात. २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत ही सगळी व्हीएमवेअरवरून प्रॉक्समॉक्स व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटवर (दोन्ही अशी मशीन चालवणारी सॉफ्टवेअर) आणली, त्याला आता चौदा महिने होत आले. या काळात एक मोठे अपग्रेड, एक खराब झालेली डिस्क, दोन खऱ्या अर्थाने गरजेचे रिस्टोअर आणि एक रविवार असे सगळे पाहून झाल्यावरच हे लिहीत आहे.

बदल करण्याचे कारण तांत्रिक नव्हते, हे आधीच सांगितलेले बरे. व्हीएमवेअर आमच्याकडे आठ वर्षे विनातक्रार चालत होते. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये ती कंपनी ताब्यात घेतली आणि त्याच डिसेंबरात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवून सारे काही वर्गणीवर नेले. आमच्यासारख्या लहान कारखान्यांना सोयीची असलेली, तीन सर्व्हरपुरती योजना पुढे बंद झाली. नव्या हिशेबात कोअर, म्हणजे प्रोसेसरमधील गणना करणारे भाग, मोजले जातात आणि प्रोसेसरमागे किमान सोळा कोअर धरले जातात. आमच्या तीन सर्व्हरमध्ये प्रत्येकी दोन प्रोसेसर आणि प्रत्येक प्रोसेसरला दहा कोअर, म्हणजे प्रत्यक्षात साठ कोअर असूनही लायसन्स मात्र शहाण्णव कोअरचे घ्यावे लागणार होते. साहेबांनी कोटेशन वाचून टेबलावर पालथे ठेवले आणि "दुसरे काय आहे?" एवढेच विचारले.

प्रॉक्समॉक्स हे व्हिएन्नातील कंपनीचे, २००८ पासून उपलब्ध असलेले मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. पाया डेबियन लिनक्सचा, व्हर्च्युअल मशीन चालवण्यासाठी लिनक्समधलेच केव्हीएम आणि हलक्या कामांसाठी, पूर्ण मशीनऐवजी, एलएक्ससी कंटेनर नावाचे हलके कप्पे. सॉफ्टवेअरला पैसे नाहीत. वर्गणी आहे ती तपासून दिलेल्या अपडेटसाठी आणि मदतीसाठी, तीही कोअरवर नव्हे तर प्रोसेसरच्या सॉकेटवर. आमचे सहा सॉकेट. वर्गणी न भरताही सर्व सुविधा चालतात, फक्त लॉगिन करताना वैध वर्गणी नसल्याची खिडकी समोर येते आणि अपडेट ज्या स्रोतातून घ्यावी लागतात तो स्रोत कंपनी स्वतःच उत्पादनाच्या कामासाठी सुचवत नाही. ती खिडकी घालवण्याचे अनेक तोडगे लोक एकमेकांना सांगतात. ज्या सॉफ्टवेअरवर पगाराचा डेटा ठेवायचा त्याची वर्गणी चुकवण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही, म्हणून आम्ही ती पहिल्या दिवसापासून भरली.

स्थलांतराचे काम अपेक्षेपेक्षा सोपे झाले, पण ते विंडोजच्या उंबरठ्यापर्यंतच. एप्रिल २०२४ च्या ८.२ आवृत्तीपासून ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचे सर्व्हरवर बसणारे सॉफ्टवेअर) चालवणारा सर्व्हर हा एक स्टोरेज म्हणून जोडता येतो आणि त्यातील मशीन यादीतून निवडून आयात करता येते. व्हीसेंटर या व्हीएमवेअरच्या व्यवस्थापन सॉफ्टवेअरमार्फत न जाता थेट सर्व्हर जोडला तर वेग बराच चांगला मिळतो, आणि आयातीपूर्वी जुने स्नॅपशॉट (मशीनच्या त्या त्या वेळच्या जतन केलेल्या स्थिती) काढून टाकले नाहीत तर काम रेंगाळते. या दोन्ही गोष्टी आम्ही पहिल्याच रात्री शिकलो. लिनक्स मशीन तासाभरात उभी राहिली. विंडोजच्या पहिल्या मशीनने मात्र निळा पडदा दाखवला, कारण त्याला व्हर्टआयओ या व्हर्च्युअल मशीनसाठीच्या जोडणीवरील डिस्कचा ड्रायव्हर माहीतच नव्हता. उपाय असा की मूळ डिस्क आधी साटा या नेहमीच्या प्रकाराने जोडून मशीन सुरू करायचे, सोबत एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडायची, तिच्या निमित्ताने ड्रायव्हर बसवून घ्यायचा आणि मग मूळ डिस्क त्या मार्गावर न्यायची. नेटवर्क कार्डही बदललेले असल्याने जुना स्थिर आयपी पत्ता आता अस्तित्वात नसलेल्या कार्डाकडे असल्याचे विंडोज सांगत राहते. आणखी एक: व्हीएमवेअर टूल्स आधीच्या घरी असतानाच काढून टाकावीत. नव्या घरी आल्यावर ती निघता निघत नाहीत.

स्पेक्ट्रोच्या मशीनला यूएसबी डोंगल (सॉफ्टवेअरच्या लायसन्सची किल्ली) लागते. ते एका सर्व्हरला लावून मशीनकडे वळवता येते, पण मग ते मशीन चालू असताना दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येत नाही. ही अडचण येथे आहे.

रोजच्या वापरात पहिली जाणवलेली सोय म्हणजे व्यवस्थापनासाठी वेगळे मशीन लागत नाही. जुन्या व्यवस्थेत व्हीसेंटरचे मशीनच १२ जीबी मेमरी घेऊन बसत असे आणि तेच अडले तर बाकीच्यांकडे पाहायलाही आडमार्गाने जावे लागे. येथे तिन्ही सर्व्हरपैकी कोणत्याही एकाचा पत्ता ८००६ पोर्टवर उघडला की संपूर्ण क्लस्टर (एकत्र जोडलेले तिन्ही सर्व्हर) दिसतो. मांडणी सुंदर म्हणवत नाही. डावीकडे झाड, मध्ये तक्ता, खाली कामांची नोंद. पण ती खालची नोंद अतिशय प्रामाणिक आहे. एखादे काम फसले तर "काहीतरी चुकले" असे गुळमुळीत वाक्य न येता कोणती आज्ञा कुठे अडली ते अक्षरशः दिसते. ज्याला लिनक्स वाचता येते त्याला हे वरदान आहे आणि ज्याला येत नाही त्याच्या छातीत धडकी भरते. माझा सहकारी पहिले तीन महिने दुसऱ्या वर्गात होता.

स्टोरेजच्या बाबतीत आम्ही सेफ (Ceph) या, सर्व सर्व्हरच्या डिस्क मिळून एकच सामाईक साठा करणाऱ्या यंत्रणेचा मोह टाळला. त्याला किमान तीन सर्व्हर आणि दमदार नेटवर्क लागते. सर्व्हर होते, नेटवर्क नव्हते. म्हणून प्रत्येक सर्व्हरवर झेडएफएस (डिस्कची राखण स्वतः करणारी फाइल व्यवस्था) आणि एकाकडून दुसऱ्याकडे ठरावीक वेळाने प्रतिकृती अशी रचना केली. त्यासाठी रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र बांधणारे कार्ड) बाजूला सारून डिस्क थेट झेडएफएसच्या हाती द्याव्या लागतात, आणि घरगुती वापराच्या स्वस्त एसएसडी तर मुळीच वापरू नयेत, कारण लिहिण्याचा भार त्यांना झेपत नाही. प्रतिकृतीचा अर्थही सगळ्यांना आधी समजावून सांगावा लागतो. मूळ सेटिंग पंधरा मिनिटांचे आहे. ईआरपीच्या डेटाबेससाठी आम्ही ते पाच मिनिटांवर आणले. म्हणजे सर्व्हर अचानक गेला तर शेवटच्या पाच मिनिटांच्या नोंदी गेल्या. हे मी हिशेब विभागाच्या प्रमुख बाईंना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "पाच मिनिटांत आमची दोन बिले होतात. ती पुन्हा करू, पण कोणती दोन गेली ते तुम्ही सांगायला हवे." या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरकडे नसते. ईआरपीच्या नोंदवहीतून ते काढण्याची पद्धत आम्ही नंतर बसवली.

आता त्या रविवाराविषयी. यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायच्या होत्या आणि तीनपैकी दोन सर्व्हर त्या यूपीएसवर होते. मी रीतसर आवश्यक मशीन तिसऱ्या सर्व्हरवर हलवली, पहिला सर्व्हर बंद केला, मग दुसरा. मिनिटभर गेले असेल. तिसऱ्या सर्व्हरचे पंखे एकदम पूर्ण वेगाने घुमले आणि तो आपणहून रीस्टार्ट झाला. मी थेट इलेक्ट्रिशियन अण्णांकडे वळून कोणती वायर हलवली म्हणून विचारले. अण्णा शिडीवरूनच म्हणाले, "साहेब, त्या रॅककडे मी अजून गेलोच नाही." सर्व्हर पुन्हा सुरू झाला, पण एकही मशीन चालू होईना. गेटवरची हजेरी बंद, रविवारची पाळी रांगेत उभी.

दोष ना अण्णांचा होता, ना सॉफ्टवेअरचा. तीन सर्व्हरच्या क्लस्टरमध्ये बहुमत म्हणजे किमान दोन मते. सर्व्हर शिस्तीत बंद केला म्हणून एकूण मते तीनाची दोन होत नाहीत. उरलेल्या एकट्या सर्व्हरला आपण खरेच शेवटचे आहोत की नेटवर्क तुटल्याने वेगळे पडलो आहोत हे कळण्याचा मार्ग नसतो, आणि एकच मशीन दोन ठिकाणी चालू होऊन डेटाचा चुराडा होऊ नये म्हणून एचए (सर्व्हर पडल्यास मशीन दुसरीकडे आपोआप चालू करणारी सोय) लावलेला सर्व्हर बहुमत गमावल्यावर साधारण साठ सेकंदांत स्वतःला रीसेट करतो. त्यानंतर मांडणीच्या फाइली केवळ वाचण्यापुरत्या उरतात, म्हणून मशीन चालू होत नाहीत. अपेक्षित मतांची संख्या एकवर आणणारी एका ओळीची आज्ञा दिल्यावर सारे सुरळीत झाले, पण ती ओळ शोधण्यात माझी पंचवीस मिनिटे गेली. हे सगळे माहितीपुस्तिकेत लिहिलेले आहे आणि मी ते दिवाळीपूर्वी वाचलेही होते. आता रॅकच्या दारावर आतल्या बाजूने कागद चिकटवलेला आहे: दोन सर्व्हर एकदम बंद करायचे असतील तर आधी मशीन एचएमधून बाहेर काढावीत, स्थिती निष्क्रिय दिसेपर्यंत थांबावे, मगच बटणाला हात लावावा. क्लस्टरच्या आपसातील संदेशांसाठी वेगळा स्विच घेतला तोही याच धास्तीने, कारण रात्रीच्या बॅकअपने नेटवर्क तुंबले आणि संदेश उशिरा पोचले तरी असाच प्रसंग ओढवू शकतो.

दुसरी चूकही माझीच. काही मशीनचा प्रोसेसर प्रकार मी हौसेने "होस्ट" ठेवला, म्हणजे प्रत्यक्ष प्रोसेसरच्या सगळ्या क्षमता मशीनला मिळतात. पण आमचा तिसरा सर्व्हर एक पिढी जुना आहे. चालू मशीन तिकडे हलवताच ते कोसळले. तिन्हींना मानवेल असा मूळचा समान प्रकार ठेवल्यापासून तक्रार नाही, आणि वेगात फरकही आमच्या कामात जाणवला नाही.

या सगळ्या व्यवहारात सर्वांत मोलाची गोष्ट कोणती असे विचारले तर मी हायपरव्हायजरचे (मशीन चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचे) नाव न घेता प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरचे घेईन. हे वेगळे सॉफ्टवेअर आहे, २०२० पासून स्थिर स्वरूपात उपलब्ध आहे आणि एका जुन्या सर्व्हरमध्ये मोठ्या डिस्क घालून आम्ही ते उभे केले. चालू मशीनमध्ये कोणते भाग बदलले याची नोंद ठेवली जात असल्याने रोजचा बॅकअप फक्त बदलाचा होतो. मशीन मध्ये बंद केले असेल तर ती नोंद पुसली जाते आणि पुढच्या वेळी पूर्ण डिस्क वाचली जाते, तरी पाठवला जातो तो बदलच. एकसारखे तुकडे एकदाच साठवले जातात, त्यामुळे बावीस मशीनचे तीन महिन्यांचे बॅकअप मी धरलेल्या जागेच्या निम्म्यातही मावले. गेल्या पावसाळ्यात गुणवत्ता विभागातील एकाने एका ग्राहकाच्या हीट नंबरनुसार, म्हणजे भट्टीतील ओतीच्या क्रमांकानुसार, लावलेल्या रासायनिक अहवालांचा अख्खा फोल्डर उडवला, आणि ग्राहकाचे तपासनीस दुसऱ्या दिवशी यायचे होते. पूर्ण मशीन रिस्टोअर न करता, ब्राउझरमध्येच त्या मशीनचा आदल्या रात्रीचा बॅकअप उघडून, विंडोजच्या ड्राइव्हमध्ये शिरून तेवढाच फोल्डर झिप करून उतरवून घेतला. सात मिनिटे लागली. जुन्या व्यवस्थेत याच कामासाठी आम्ही वेगळ्या लायसन्सचे सॉफ्टवेअर बाळगून होतो. आता साठवलेले बॅकअप शाबूत आहेत का याची पडताळणी दर आठवड्याला आपोआप होते आणि गोकुळ शिरगावच्या युनिटमध्ये ठेवलेल्या दुसऱ्या बॅकअप सर्व्हरवर रोज प्रत जाते. एन्क्रिप्शनची किल्ली मात्र कागदावर छापून तिजोरीत ठेवा. ती हरवली तर बॅकअप असून नसल्यासारखे.

ऑगस्ट २०२५ मध्ये ९.० आवृत्ती आली. आम्ही तीन महिने थांबलो आणि मग एकेक सर्व्हर रिकामा करून अपग्रेड केला. अपग्रेडपूर्वीची तपासणी करणारी स्क्रिप्ट सोबतच येते आणि ती बारकाईने वाचावी. तरीही दुसरा सर्व्हर अपग्रेडनंतर नेटवर्कवर आलाच नाही, कारण नव्या कर्नलने नेटवर्क कार्डाला नवे नाव दिले होते आणि ब्रिज (मशीनना नेटवर्कशी जोडणारी मांडणी) जुन्या नावाची वाट पाहत होता. मॉनिटर आणि कीबोर्ड उचलून रॅकपाशी नेला, फाइलमधील दोन ओळी बदलल्या. ही नावे कायमची बांधून ठेवण्याचे साधन नव्या आवृत्तीत आहे. ते आधी वापरले असते तर जिना चढावा लागला नसता. या आवृत्तीतील आमच्या खऱ्या उपयोगाची भर म्हणजे कोणती मशीन एकत्र ठेवायची आणि कोणती कधीच एका सर्व्हरवर येऊ द्यायची नाहीत याचे नियम. दोन डोमेन कंट्रोलर आता कधीही एकाच छताखाली जात नाहीत.

उणिवाही आहेत. चालू मशीनचा भार पाहून ती आपोआप इकडेतिकडे हलवण्याची व्हीएमवेअरची ताकद आम्ही वापरतो त्या आवृत्तीत नाही. तीन सर्व्हरला ती लागत नाही, तीस असते तर लागली असती. मदत ऑस्ट्रियाच्या कार्यालयीन वेळेत मिळते. हिवाळ्यात त्यांचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असल्याने त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपली जेवणाची सुट्टी संपत आलेली असते. आम्ही आतापर्यंत दोन तिकिटे काढली, दोन्ही उत्तरे मुद्देसूद होती, पण सकाळच्या पाळीत सर्व्हर पडला तर पहिले पाच तास तुमचे तुम्हीच. आणि ईआरपीच्या विक्रेत्याला अजूनही हे नाव पचलेले नाही. अहवाल हळू चालतो अशी तक्रार केली की त्यांचा इंजिनिअर आधी हायपरव्हायजरकडे बोट दाखवतो आणि मग मी त्याला डेटाबेसमधील नसलेला इंडेक्स दाखवतो.

एकट्याच माणसावर सगळे अवलंबून असलेल्या कार्यालयाने ही वाट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लायसन्सवर वाचलेल्या रकमेतील काही भाग आम्ही सहकाऱ्याच्या लिनक्स प्रशिक्षणावर आणि चाचणीसाठीच्या तीन जुन्या संगणकांवर घातला. त्या तीन संगणकांचा क्लस्टर तो दर महिन्याला मुद्दाम मोडतो आणि पुन्हा उभा करतो. मागच्या आठवड्यात त्याने दोन केबल उपटून मला आत बोलावले आणि रॅकच्या दारावरचा कागद न पाहता बहुमत परत मिळवून दाखवले. चार मिनिटे लागली. पुढच्या महिन्यात यूपीएसचे काम पुन्हा आहे. या वेळी सर्व्हर तो बंद करणार आहे आणि मी अण्णांची शिडी धरणार आहे.