किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड: कित्येक महिने फक्त हाच बँड ऐकल्यानंतर

गेले कित्येक महिने माझ्या हेडफोनमधे जवळपास हा एकच बँड चालू आहे, त्यामुळे आता नीट लिहायला हरकत नाही असं वाटतंय. किंग गिझर्ड म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नची पोरं, बँड २०१० चा, पहिला अल्बम '१२ बार ब्रूझ' २०१२ मधे आला आणि २०२५ च्या 'फँटम आयलंड'पर्यंत २७ स्टुडिओ अल्बम झालेत. हा आकडा बघूनच बरेच जण घाबरतात. त्यात हे सायकेडेलिक (गुंगवणाऱ्या, स्वप्नाळू आवाजांच्या) रॉकवाले म्हणून ओळखले जातात पण एका अल्बममधे थ्रॅश मेटल (एकदम वेगवान, आक्रमक रॉक), दुसऱ्यात नुसते सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड), तिसऱ्यात बासरी आणि अकूस्टिक गिटार, मग नवीन माणसाला कळतच नाही की यांचं नक्की काय चाललंय.

मला जे कळलं ते असं, की हे लोक मूड बदलला म्हणून साउंड बदलत नाहीत, ते आधी स्वतःला एक नियम घालून घेतात आणि मग अख्खा अल्बम त्या नियमात बसवतात. नियम सापडला की अल्बम उलगडतो. 'क्वार्टर्स!' (२०१५) मधे चारच गाणी आणि प्रत्येक बरोबर १० मिनिटं १० सेकंदांचं. 'नॉनगॉन इन्फिनिटी' (२०१६) मधे नऊ गाणी कुठेही न थांबता एकमेकांत शिरतात आणि शेवटचं 'रोड ट्रेन' परत पहिल्या 'रोबोट स्टॉप'ला जाऊन चिकटतं, म्हणजे रिपीटवर लावलं तर सांधा ऐकूच येत नाही. मी प्रवासात लावून मुद्दाम लक्ष ठेवून बसायचो की आता जोड येईल, तर तोपर्यंत पहिल्या गाण्याची रिफ (गिटारची परत परत येणारी छोटी धून) परत सुरू झालेली असायची.

आता माझा सगळ्यात लाडका विषय, 'फ्लाइंग मायक्रोटोनल बनाना' (२०१७). बँडचा गायक-गिटारवादक स्टू मॅकेन्झीने एक पिवळी गिटार बनवून घेतली जिच्यात नेहमीच्या फ्रेटच्या (गिटारच्या दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांच्या) मधेमधे जादा फ्रेट आहेत, म्हणजे दोन स्वरांच्या मधला स्वर वाजवता येतो. मग बाकीच्यांनीही आपापली वाद्यं त्याप्रमाणे बदलून घेतली, बास, कीबोर्ड, अगदी हार्मोनिकासुद्धा, आणि वर झुर्ना नावाचं तुर्की सुषिर वाद्य. पहिलं गाणं 'रॅटलस्नेक' पावणेआठ मिनिटांच्या आसपास आहे. सुरुवातीला वाऱ्याचा आवाज, मग ड्रम एकदा जी चाल धरतात ती शेवटपर्यंत सोडत नाहीत, आणि त्यावर ती गिटार असे स्वर काढते की पाश्चात्य रॉकची सवय असलेल्या कानाला ते बेसूर वाटावेत. मला नाही वाटले. आपल्याकडे गाणं शिकलेल्या किंवा नुसतं घरात ऐकत वाढलेल्या कुणालाही श्रुती म्हणजे काय ते माहीत असतं, कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे जागा असते हे कानाला ठाऊक असतं. अर्थात त्यांनी सप्तकाचे केलेले २४ भाग एकसारखे मोजून केलेले, आपल्या २२ श्रुती तशा समान अंतरावर नाहीत, तेव्हा दोन्ही एकच आहे असं कुणी म्हणू नये. पण हार्मोनियमच्या पट्टीत न मावणारा स्वर इलेक्ट्रिक गिटारवर इतका रेटून वाजवलेला ऐकणं हे सुख वेगळंच आहे, 'स्लीप ड्रिफ्टर' तर मी आजही रोज ऐकतो.

याच्याच जोडीला 'आइस, डेथ, प्लॅनेट्स, लंग्ज, मशरूम्स अँड लाव्हा' (२०२२) ऐका. सात गाणी, सात मोड (पाश्चात्य संगीतातले स्वरांचे साचे, साधारण आपल्या थाटांसारखे), प्रत्येक गाणं एकेका मोडमधे. आयोनियन म्हणजे आपला बिलावल थाट, डोरियन काफी, फ्रिजियन भैरवी, लिडियन कल्याण, मिक्सोलिडियन खमाज, एओलियन आसावरी. म्हणजे भातखंड्यांच्या दहातले सहा थाट एका रॉक अल्बममधे ओळीने मिळतात (राग नव्हे हं, फक्त स्वर). 'मॅग्मा'मधला कोमल रिषभ कान देऊन ऐका, भैरवीचे स्वर आहेत पण भैरवीचा लडिवाळपणा अजिबात नाही, नऊ मिनिटं नुसतं तापत जातं. आणि सातवा लोक्रियन, त्यात पंचमच उतरलेला. आपल्याकडे पंचम अचल, त्यामुळे याला थाटच नाही, आणि म्हणूनच शेवटचं 'ग्लीझ ७१०' ऐकताना पायाखाली जमीन नसल्यासारखं वाटत राहतं. मला हे गाणं बसायला खूप वेळ लागला, आता त्याच्याशिवाय अल्बम पुरा होत नाही.

२०१७ मधे यांनी एका वर्षात पाच अल्बम काढले. त्यातला 'पॉलिगॉन्डवानालँड' चक्क फुकट दिला, मास्टर फायलींसकट (म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणासकट), ज्याला हवं त्याने रेकॉर्ड छापावी आणि विकावी, आणि जगभरातल्या छोट्या लेबलांनी (रेकॉर्ड कंपन्यांनी) खरंच छापल्या. फुकट दिलाय म्हणून हलका नाही, माझ्या मते तालाच्या बाबतीत हा त्यांचा सगळ्यात विचारपूर्वक बांधलेला अल्बम. उलट 'मर्डर ऑफ द युनिव्हर्स'मधलं सततचं निवेदन मला दोनचार वेळांनंतर नकोसं होतं, गाणं रंगात आलं की बाई बोलायला लागते.

'इन्फेस्ट द रॅट्स नेस्ट' (२०१९) मुख्यतः तिघांनीच वाजवलेला, थ्रॅश मेटल, विषय पृथ्वीची वाट लागल्याचा आणि मग दुसऱ्या ग्रहावर पळण्याचा. 'मार्स फॉर द रिच' या नावातच सगळं आलं. 'बटरफ्लाय ३०००' (२०२१) याच्या बरोबर उलट, सिंथ आणि सगळा उजेड, आजारपणात मला हाच लागायचा. 'द सिल्व्हर कॉर्ड' (२०२३) दोन रूपांत आहे, अर्ध्या तासाच्या आतलं छोटं आणि दीड तासाच्या जवळपासचं लांबलचक, मला लांबवालं जास्त आवडतं पण त्याला निवांत रात्र पाहिजे.

इतकं सगळं बदलूनही बँड ओळखू येतो तो मायकल कॅव्हनाच्या ड्रममुळे असं माझं ठाम मत आहे. मेटल असो की जॅझी काही, तो ताल पुढे ढकलतच असतो, बाकीचे त्याच्यावर कुठेही भटकून येतात. 'फँटम आयलंड'मधे अख्खा ऑर्केस्ट्रा आहे आणि तिथे मला तेच कमी वाटलं, व्हायोलिनं सुंदर आहेत, पण ड्रम मागे पडलेत. आधीचा 'फ्लाइट बी७४१' (२०२४) याच्यापेक्षा मोकळा आहे, सगळे आळीपाळीने गातात, गाडी चालवताना एकदम मस्त.

एक लक्षात ठेवा, जुलै २०२५ मधे त्यांनी स्पॉटिफायवरून आपलं संगीत काढून घेतलं, तिथले तेव्हाचे प्रमुख डॅनिएल एक यांची लष्करी एआय बनवणाऱ्या कंपनीत गुंतवणूक आहे म्हणून. त्यानंतर बँडकॅम्पवर (कलाकारांकडून थेट संगीत विकत घ्यायची वेबसाइट) त्यांनी अल्बम 'तुम्हाला वाटेल ती किंमत द्या' असे ठेवले. मी पैसे देऊनच घेतले, आणि एकदा फाइल आपल्याकडे आली की 'नॉनगॉन'चं ते चक्र जाहिरातीशिवाय सलग चालतं. सुरुवात त्यानेच करा, मग 'मायक्रोटोनल बनाना', मग मोडवाला. मेटलची सवय नसेल तर 'रॅट्स नेस्ट' या तिघांनंतरच लावा.