बाबांचे दोन पाय, दोन उपचार: डावीकडे स्टेंट, उजवीकडे चालणं

बाबांच्या दोन्ही पायांच्या धमन्या अरुंद झाल्या होत्या, पण अडथळा दोन वेगळ्या जागी होता. म्हणून डावीकडे स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळी) बसला आणि उजव्या पायाला चालण्याचा व्यायाम आणि गोळ्या. दोन्ही उपचार मी जवळून पाहिले. माझं मत स्पष्ट आहे: स्टेंट चांगला की वाईट हे विचारण्याआधी अडथळा नेमका कुठे आहे ते विचारा.

चालताना बाबांची पोटरी आवळून यायची, डावीकडे तर कुल्लाही भरून यायचा. दोन-तीन मिनिटं उभं राहिलं की दुखणं गायब, पुढे निघालं की पुन्हा हजर. निदान झालं ते घोट्याच्या रक्तदाबावरून. दंडाला बांधतात तसाच पट्टा घोट्याच्या वर बांधला, जेल लावून डॉपलर (रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) ठेवला आणि घोट्याच्या रक्तदाबाच्या वरच्या आकड्याला हाताच्या रक्तदाबाच्या वरच्या आकड्याने भागलं. निरोगी माणसात उत्तर १ च्या आसपास किंवा थोडं वर येतं, ०.९ किंवा कमी आलं की धमनीचा आजार धरतात. बाबांचं डावं ०.५८, उजवं ०.६६. सुई नाही, काही नाही. मधुमेहात मात्र धमन्या कडक होऊन हा आकडा फसवा, चांगला दिसू शकतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब बघतात.

डावा अडथळा ओटीपोटातल्या इलियाक धमनीत होता. ही धमनी चांगली रुंद असते, पाऊल टाकताना मांडीतल्या धमनीइतकी वाकत-पिळवटत नाही, त्यामुळे इथे स्टेंट छान टिकतो. अमेरिकेत १९९१ साली पामाझ स्टेंटला मान्यता मिळाली ती याच धमनीसाठी. बाबा पूर्ण जागे होते, भूल फक्त जांघेत. तारेवरून फुगा आत नेतात, फुगवतात आणि त्याच्यावरची धातूची जाळी उघडून धमनीच्या भिंतीत रुतून बसते. फुगा फुगवताना कंबरेत कळ आली आणि सोडताच गेली, असं बाबांनी सांगितलं. त्यांना खरा त्रास झाला तो नंतर, पाय सरळ ठेवून तासन्‌तास उताणं पडून राहण्याचा.

नर्सने त्यांच्या पावलावर पेनाने फुली मारून ठेवली होती, नाडी तिथेच तपासायची म्हणून. मी बोट ठेवलं. एवढे दिवस न लागणारी नाडी टकटक लागत होती. मला रडूच आलं. नंतरचा आकडा ०.९४.

उजवा अडथळा मांडीच्या धमनीत. तिथली गोष्ट निराळी आहे. प्रत्येक पावलागणिक ही धमनी वाकते, पिळवटते, स्नायूंखाली दबते. म्हणून इथे निकेल-टायटॅनियमच्या लवचिक, आपोआप उघडणाऱ्या नायटिनॉलच्या जाळ्या वापरतात. तरी त्या तुटू शकतात, आत पुन्हा पेशी वाढून वाट अरुंद होऊ शकते. पॅक्लिटॅक्सेल औषध लावलेले फुगे आणि स्टेंट ही वाढ कमी करतात. २०१८ च्या शेवटी त्यांच्यामुळे मृत्यू वाढतात की काय अशी शंका निघाली होती. औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २०२३ मध्ये, उपलब्ध माहितीवरून तसा धोका दिसत नाही, असं जाहीर केलं. आमच्या डॉक्टरांनी मात्र सांगितलं, "आधी तीन महिने चाला, मग बघू."

फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, आठवड्यातून तीनदा ट्रेडमिल. पोटरी बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं पूर्ण गेलं की पुन्हा सुरू. सुरुवातीला बाबा वैतागायचे. "दुखतंय तेच करायचं?" पण थांबण्यामधलं अंतर वाढत गेलं. तीन महिन्यांनी ते माझ्याशी गप्पा मारत, न थांबता, पूर्वीच्या दुपटीहून जास्त चालत होते. आणि घोट्याचा आकडा? ०.६८. जवळजवळ तोच! अडथळा तसाच आहे, पण स्नायू मिळेल तेवढ्या रक्तातून जास्त काम काढायला शिकले. क्लेव्हर नावाच्या अमेरिकन अभ्यासात (२०१२) पोटातल्या धमनीचे रुग्ण होते. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर व्यायामवाले स्टेंटवाल्यांपेक्षा जास्त वेळ चालले, मात्र रोजचं जगणं किती सुधारलं या प्रश्नावर स्टेंटवाल्यांनी जास्त गुण दिले. मला दोन्ही खरं वाटतं.

गोळ्यांपैकी सिलोस्टॅझॉल ही चालण्याचं अंतर वाढवणारी. तिने पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं, मग ठीक. ती उपाशीपोटी घ्यायची, आणि हार्ट फेल्युअर असेल तर अजिबात नाही. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी घेणं आणि सिगारेट सोडणं हे दोन्ही पायांसाठी होतंच.

इलियाक स्टेंटला माझे पाचपैकी साडेचार, देखरेखीखालच्या चालण्याला पाच. रुग्णालयाला तीनच. डिस्चार्जच्या कागदावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या लिहिल्या, पण दुसरी कधी बंद करायची ते लिहिलं नाही. फोनवर प्रत्येकाने वेगळं सांगितलं. शेवटी डॉक्टरांकडून तारीख लिहून घेतली.

हे सगळं चालताना दुखणाऱ्या पायाबद्दल झालं. पडल्यापडल्या पाऊल दुखत असेल, रात्री पाय खाली सोडल्यावरच बरं वाटत असेल किंवा बोटावरची जखम भरत नसेल, तर व्यायामाची वाट बघत बसू नका, लगेच रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जा. तिथे पाय वाचवण्याचा प्रश्न असतो. २०२२ च्या बेस्ट-सीएलआय अभ्यासात, पायाची शीर चांगली असलेल्यांना आधी बायपास (तीच शीर जोडून अडथळ्याला वळसा) केलेला बरा ठरला. २०२३ च्या बेसिल-२ मध्ये गुडघ्याखालच्या आजारात आधी फुगा-स्टेंट बरा ठरला. तज्ज्ञांतही एकच उत्तर नाही, तेव्हा निर्णय होण्याआधी शिरांची सोनोग्राफी करून मागा.